साडेचार मिलिमीटरचा प्रश्न : आयरिश रेल्वेचं मॉडेल कसं बांधावं

गॉलवेला राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी पहिलं मॉडेल बांधलं. पुस्तकांच्या कपाटावर दोन मीटरची फळी, दुकानातून आणलेले तयार रूळ, काळ्या-नारिंगी रंगाचं १४१ वर्गाचं डिझेल इंजिन आणि मागे दोन डबे. शेजारचे आजोबा बघायला आले. त्यांची सगळी नोकरी अथेनरायच्या आसपासच्या गँगमध्ये, रूळ सांभाळण्यात गेलेली. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंच नाही. फळीच्या टोकाला जाऊन ते वाकले, एक डोळा मिटून रुळांच्या रेषेत बघत राहिले आणि म्हणाले, "गाडी मोठ्या लाइनची आहे, पण रूळ वेस्ट क्लेअरचे घातलेस."

वेस्ट क्लेअर म्हणजे तीन फुटांची अरुंद लाइन, १९६१ साली बंद झालेली. आजोबांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आयर्लंडमध्ये रुळांमधलं अंतर ५ फूट ३ इंच आहे, म्हणजे १६०० मिमी. बाजारात मिळणारे आयरिश मॉडेल मात्र ब्रिटनच्या सवयीने बनतात : प्रमाण फुटाला ४ मिमी, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. भागाकार करून बघा. १६.५ भागिले ४ म्हणजे ४ फूट दीड इंच. खरं अंतर हवं २१ मिमी. साडेचार मिलिमीटर कमी, म्हणजे खऱ्या जगात साडेतेरा इंच. ब्रिटिश गाडीलाही हे रूळ अरुंदच पडतात, पण तिथे फरक सव्वादोन-अडीच मिलिमीटरचा आहे आणि डोळा तो चालवून घेतो. आयरिश गाडीत फरक जवळजवळ दुप्पट. समोरून पाहिलं की डबा काठीवर उभा केल्यासारखा दिसतो.

या अंतरामागे इतिहास आहे. डब्लिन ते किंग्सटाउन ही आयर्लंडची पहिली लाइन १८३४ साली ४ फूट साडेआठ इंचांवर सुरू झाली, अल्स्टर रेल्वेने ६ फूट २ इंच धरले, डब्लिन-ड्रॉहेडाने ५ फूट २ इंच. एकाचे डबे दुसऱ्याच्या रुळावर जाईनात. शेवटी १८४६ च्या कायद्याने ५ फूट ३ इंच ठरले. पुढे हेच अंतर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात आणि ब्राझीलमध्येही गेलं. एवढ्या भांडणातून ठरलेली गोष्ट मॉडेलमध्ये पहिल्याच दिवशी सोडून देणं मला पटत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला : इंजिन विकत घेण्याआधी रुळांचं अंतर ठरवा. ४ मिमी प्रमाणात २१ मिमी, ७ मिमी प्रमाणात ३६.७५ मिमी. अरुंद लाइनच आवडत असेल तर तुम्ही सुखी आहात. तीन फूट म्हणजे ४ मिमी प्रमाणात बरोबर १२ मिमी, आणि १२ मिमीचे तयार रूळ मिळतात. ५.५ मिमी प्रमाण घेतलंत तर नेहमीचे १६.५ मिमीचे रूळच अचूक तीन फूट होतात. डोनेगल, ट्राली-डिंगल, वेस्ट क्लेअर, कॅव्हन-लीट्रिम, सगळं त्यात बसतं.

२१ मिमीला लोक घाबरतात, कारण त्याचे रूळ आणि सांधे (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर नेणारे फाटे) दुकानात पेटीतून मिळत नाहीत, हाताने बांधावे लागतात. खोलीभर मोठं जंक्शन, वीस सांधे असा बेत असेल तर भीती रास्त आहे. पण तीन सांध्यांचं स्थानक बांधायला काय हरकत आहे? मला सांगायचं आहे ते एवढंच : मॉडेल लहान करा, लांबी हवी तेवढी कापा, पण रुंदी कापू नका.

लहान स्थानकांची आयर्लंडमध्ये कमी नाही. माझ्या डोळ्यांसमोर लॉक्रे होतं. गॉलवे परगण्यातली अ‍ॅटिमन जंक्शन ते लॉक्रे ही नऊ मैलांची शाखा १८९० साली सुरू झाली, मध्ये डनसँडल हे एकच स्थानक, आणि १९७५ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली. बाकीच्या खेड्यापाड्यांतल्या शाखा केव्हाच गेल्या होत्या, ही शेवटपर्यंत टिकली. तिच्यावर बरीच वर्षं डॉइट्झ या जर्मन कंपनीचं चार चाकी, छोटंसं जी वर्गाचं डिझेल इंजिन मिश्र गाडी ओढायचं : प्रवाशांचा एखादा डबा आणि मागे मालाच्या वॅगनी. सीआयई या सरकारी वाहतूक कंपनीकडे असली इंजिनं दहाच होती, तीन १९५६ ची आणि सात १९६२ ची. एक इंजिन, एक डबा, पाच-सहा वॅगनी, एक फलाट, एक मालधक्का. २१ मिमीला याहून चांगला विषय मला सुचत नाही.

हुबेहूब लॉक्रे बांधू नका, लॉक्रेच्या वळणाचं काल्पनिक स्थानक बांधा. माझ्याकडे तीन मीटर भिंत होती. जुन्या पंचवीस इंची ऑर्डनन्स सर्व्हे नकाशांचं प्रमाण १ : २५०० आहे. नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर आणि ४ मिमी प्रमाणात साधारण ३३ मिमी. एवढा गुणाकार केला की कुठलंही स्थानक आपल्या भिंतीवर किती लांब होईल ते कळतं, आणि मग शंभर मीटरच्या फलाटाला १.३ मीटर जागा लागते हे पाहून कात्री हातात घ्यावीच लागते. मी फलाट ८० सेंटिमीटरवर आणला आणि इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची लूप (बाजूची लाइन) गाडीच्या लांबीला जेमतेम पुरेल एवढी ठेवली. डबा एक आणि वॅगनी चार असतील तर तेवढं पुरतं.

फळ्या ९ मिमी प्लायच्या, प्रत्येकी १.२ मीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद, अशा दोन. उरलेल्या ६० सेंटिमीटरमध्ये पडद्यामागचं यार्ड, गाड्या लपवून ठेवायला. तिथे सांधे घालत बसू नका. एका टोकाला खिळ्यावर फिरणारी फळी करा, तिच्यावर तीन सरळ लाइनी घाला आणि हवी ती लाइन दाराशी आणून जुळवा. दोन सांध्यांची मेहनत वाचली. फळ्यांची उंची जमिनीपासून १.३ मीटर तरी ठेवा. गाडी कमरेच्या खाली असली की आपण तिच्याकडे आभाळातून बघतो. खऱ्या स्थानकावर माणूस फलाटावरून बघतो.

आता रूळ. तांब्याचा पातळ थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या मिळतात, त्या स्लीपर म्हणून वापरायच्या. मी त्या ३६ मिमी लांब कापते, म्हणजे प्रमाणात नऊ फूट. रूळ कोड ७५ चा (म्हणजे ०.०७५ इंच उंचीचा), सपाट बुडाचा घ्या. तो पट्टीवर थेट बसतो, रूळ धरणाऱ्या लोखंडी खुर्च्या दाखवायची गरज नाही. आधी कागदावर पूर्ण आकाराचा आराखडा काढा आणि त्यावर दुहेरी चिकटपट्टीने स्लीपर लावा. प्रत्येक स्लीपरच्या मधोमध त्रिकोणी कानशीने तांबं आरपार खरवडा, नाहीतर दोन रूळ एकमेकांना विजेने जोडले जातील. मल्टिमीटर लावून प्रत्येक पट्टी तपासायची आहे, बरं का. चाळीस पट्ट्यांनंतर कंटाळा येतो आणि नेमकी एकेचाळिसावी दगा देते.

काचतंतूच्या पेन्सिलने तांबं आणि रुळाचा तळ चकचकीत करा. पहिला रूळ फूटपट्टीला धरून सरळ लावा, जोडाला बोटाने फ्लक्स, सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा मुगाएवढा थेंब, आणि टोक रुळाच्या बाहेरच्या बाजूने टेकवा. सोल्डर चमकत रुळाखाली सरकलं की लगेच टोक उचला. आतल्या बाजूने कधीही डाग देऊ नका, चाकाची कड तिथेच अडखळते. दुसरा रूळ २१ मिमीच्या मापाने बसवायचा. ही मापं मी ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेत करून घेतली, तीन नग. दोन मापं रुळांवर, मधल्या स्लीपरला डाग, मग माप पुढे. तीस सेंटिमीटर साधी लाइन दीड तासात होते. काम संपलं की गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने फ्लक्स धुऊन काढा. राहिलं तर आठवड्याभरात हिरवं पडतं.

सांध्याला मी एकास सहाचा कोन घेते. चाकाच्या कडेसाठी सोडायची फट १ मिमी, आणि चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १९.३ मिमी. हे दोन आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत. एक बदललात तर दुसरा बदला, आणि मग सगळ्या वॅगनींना तोच नियम लावा. माझ्या पहिल्या सांध्यावर इंजिन छान जायचं आणि एकच वॅगन दर वेळी उडी मारायची. आठवडाभर मी सांधाच घासत बसले होते. दोष वॅगनीच्या एका आसात होता, १९.३ च्या जागी १८.९. तेव्हापासून व्हर्नियर हातात घेतल्याशिवाय मी कानस उचलत नाही.

वॅगनीची चाकं बदलताना एक गोष्ट आधी मोजा : आस धरणाऱ्या दोन बाजूंच्या पत्र्यांमधलं आतलं अंतर. १९.३ अधिक दोन चाकांची जाडी म्हणजे साधारण २४ मिमी होतात, वर थोडी मोकळीक हवी. १६.५ मिमीसाठी बनलेल्या वॅगनीत हे जेमतेम बसतं, ब्रेकचे ठोकळे मात्र कापून बाहेरच्या बाजूला सरकवावे लागतात. जागा नसेल तर खालचा भाग काढून पितळी पत्र्याचे घडीचे सांगाडे लावा. चार चाकी वॅगनीचं वजन ५० ग्रॅमपर्यंत न्या, आत शिशाची पट्टी चिकटवून. हलकी वॅगन कितीही अचूक असली तरी सांध्यावर नाचते.

चार चाकी इंजिनाची गोष्ट वेगळी. चारपैकी एक चाक जरी केसभर वर राहिलं तरी वीज तुटते आणि गाडी फलाटाच्या तोंडाशी थांबते. तीन पायांचं स्टूल कधी डगमगत नाही, तेच इथे करायचं. मोटरचा आस पक्का बसवा. दुसऱ्या आसाला वरखाली हलायला जागा द्या आणि त्याच्या बरोबर मध्यावर एक आडवी जाड तार टेकवा. आता तो आस त्या तारेवर डोलतो आणि चारही चाकं रुळाला धरून राहतात. डिजिटल डिकोडर लावणार असाल तर त्याला कपॅसिटर जोडा. क्षणभर वीज गेली तरी इंजिन पुढे सरकतं. गिअर जास्तीत जास्त कपातीचे घ्या. या इंजिनाला वेगाशी काही देणंघेणं नव्हतं.

मोठ्या लाइनचं वेड असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६१ ची जनरल मोटर्सची १२१ वर्गाची पंधरा इंजिनं एकाच बाजूला केबिन असलेली होती, त्यामुळे ती वळवायला फिरता पूल लागायचा. तुमच्या मॉडेलमध्ये फिरता पूल हवाच असेल तर हे त्याचं उत्तम निमित्त. १४१ वर्ग १९६२ चा, दोन्हीकडे केबिन असलेला. ०७१ वर्ग १९७६ चा, २०१ वर्ग १९९४ पासूनचा, आणि त्यातलं पहिलं इंजिन कॅनडाहून चक्क अँटोनोव्ह विमानातून आलं होतं. ही सगळी तयार मिळतात. मालगाड्यांत गोलाकार टाकीच्या सिमेंट वॅगनी आणि साखर कारखान्यांकडे जाणारी बीटची गाडी घ्या. विकत घेताना २१ मिमीची चाकं बसायला बोगीत, म्हणजे चाकांच्या सांगाड्यात, जागा आहे का, ते आधी विचारा.

आणि २१ मिमी नकोच असेल, १६.५ वरच राहायचं असेल, तरी बरंच करता येतं. नेहमीच्या तयार रुळांचे स्लीपर आखूड आणि दाट असतात, कारण ते लहान प्रमाणासाठी काढलेले असतात. ४ मिमीच्या मापाचे स्लीपर असलेले रूळ घ्या, किंवा खालची प्लास्टिकची जोडणी कापून स्लीपर लांब लांब पसरा. रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगात बुडवा. लाइन आडवी, बघणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर ठेवा आणि टोकाकडून बघायची वाट झाडांनी किंवा रस्त्याच्या पुलाने बंद करा. आजोबांसारखा कोणी वाकून बघणार नाही याची व्यवस्था, एवढंच त्याचं सूत्र.

रंगाआधी वर्ष ठरवा. सीआयईच्या वॅगनी आधी करड्या होत्या, १९७० च्या सुमारास तपकिरी झाल्या. बोधचिन्ह आधी 'उडती गोगलगाय', मग १९६० च्या दशकात 'तुटकं चाक'. डब्यांचा काळा-पांढरा-तांबूस रंग १९६० च्या दशकातला. १९७२ साली वातानुकूलित सुपरट्रेन आल्या आणि नारिंगी रंग पसरला. माझ्या स्थानकात १९७३ चा मे महिना आहे, म्हणून करडी आणि तपकिरी वॅगन एकाच गाडीत शेजारी उभी राहते आणि करडीवरचा रंग पोपडे आलेला. फोटोंसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडमधला ओडे संग्रह बघा, १९३७ ते १९६६ दरम्यानचे रेल्वेचे फोटो आहेत. वॅगनीच्या छपरावर पाणी कुठे साचतं, दाराच्या खिट्टीखाली गंजाचा ओघळ कसा उतरतो, हे मी तिथूनच शिकले. जमलं तर उत्तर आयर्लंडमधल्या डाउनपॅट्रिकला जा. ५ फूट ३ इंचांवर जतन केलेली चालती लाइन तिथे आहे आणि डॉइट्झची इंजिनंही. रुळांच्या मध्ये उभं राहून दोन्ही हात पसरून बघा, रुंदी म्हणजे काय ते अंगाला कळतं. मॉडेलच बघायची असतील तर डब्लिनजवळच्या मालाहाइडमध्ये 'कसिनो' नावाच्या जुन्या घरातल्या संग्रहालयात सिरिल फ्राय यांनी हाताने घडवलेल्या गाड्या आहेत. फ्राय स्वतः रेल्वेत इंजिनिअर होते आणि ते प्रत्येक डब्यात दिसतं.

देखाव्यात माझा सगळ्यात जास्त वेळ भिंतींवर गेला. पूर्व गॉलवेतली शेतं सुक्या दगडांच्या भिंतींनी विभागलेली, चुना-माती काही नाही, दगडावर दगड. छापील प्लास्टिकची भिंत इथे चालत नाही, कारण खऱ्या भिंतीच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसतो. मी चुनखडीचा चुरा चाळणीतून काढते, दोन ते चार मिलिमीटरचे तुकडे निवडते आणि चिमट्याने एकेक तुकडा गोंदात बुडवून रचते : खाली मोठे, वर लहान, शेवटचा थर उभ्या दगडांचा. एका संध्याकाळी तीस सेंटिमीटर होते. मे महिना आहे म्हणून कुंपणावर हॉथॉर्न पांढरा फुललेला, आणि थोडी फर्झची पिवळी काटेरी झुडपं. हिरवा रंग आहे त्याहून थोडा मळका ठेवा. पाकिटातला गवताचा हिरवा फार टवटवीत असतो, त्यात राखाडी मिसळा. फलाटावरच्या पाटीवर वर आयरिश नाव, खाली इंग्रजी, आणि आयरिश अक्षरं जुन्या गेलिक वळणाची.

खडी मी शेवटी घातली, बारीक करड्या चुनखडीची, पांढरा गोंद पाण्यात पातळ करून, आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून. आजोबांना पुन्हा बोलावलं. ते पुन्हा टोकाला जाऊन वाकले, एक डोळा मिटला. या वेळी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटाने मालधक्क्याजवळच्या यार्डातली लाइन दाखवून म्हणाले, "इथे एवढी स्वच्छ खडी आम्ही कधीच घातली नाही. इथे राख असायची."

तर यार्डासाठी खडी वापरूच नका. शेकोटीतली राख बारीक चाळा, त्यात थोडी तपकिरी रंगाची पूड मिसळा, स्लीपर जवळजवळ बुडतील इतकी पसरा आणि सुकल्यावर लाइनच्या टोकाच्या बफरच्या बाजूला, जिथे चाक क्वचितच पोचतं, तिथे गवताची चार पाती उभी करा.